कडी

२०२५च्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारी चारचा सुमार, लाइट गेलेली, घरात बसवेना म्हणून दार उघडं टाकून मी उंबऱ्याशीच लसूण सोलत बसले होते. समोरच्या फ्लॅटमध्ये नुकतंच राहायला आलेलं जोडपं आहे. त्यातली ती, मुलीचा हात धरून जिना चढून आली, पर्समध्ये किल्ली शोधता शोधता थांबली आणि म्हणाली, "ताई, ती कोपऱ्यावरची मराठी शाळा कशी आहे हो? हिला जूनमध्ये पहिलीत घालायचंय." मी जराही न अडखळता, जणू कुणी विचारायचीच वाट बघत होते अशी म्हणाले, "शिकवतात चांगलं गं. पण संडास असे आहेत की मुलीला पाठवायला तुझा जीव होणार नाही." आणि पुढची पाकळी हातात घेतली. खालच्या वळणावर जिना पुसणाऱ्या ताई होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "झाले ते. तीन वर्षं झाली." मग फडकं बादलीत पिळलं आणि फरशीलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, "कडी मीच आणली. पवननगरातून."

समोरची एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून "बरं" म्हणाली आणि आत गेली.

मी खोटं बोलले नव्हते. माझा मुलगा त्या शाळेत होता तेव्हा संडास खरंच तसे होते. दोन दारं, एकाला कडी नाही, दुसऱ्याला दारच अर्धं. आमचं पोरगं पहिलीत सहा तास धरून ठेवायचं आणि घरी आल्यावर बुटांसकट आत पळायचं; दप्तर जिन्यातच. पण ते २०१८ साल होतं. मधल्या काळात मी तो शेरा किती जणींना दिला असेल? खालच्या मजल्यावरच्या वहिनींना, मंगळागौरीला भेटलेल्या कुणा मुलीला, बँकेतल्या शिपायाच्या सुनेला. दूध एक दिवस बाहेर राहिलं तर आपण वास घेऊन बघतो. हे मत सात वर्षं तसंच वाढत होते मी, वास न घेता.

तर पुढचे आठ-दहा दिवस मी भाजीच्या निमित्ताने शाळा सुटायच्या वेळेला गेटसमोर रेंगाळले. उन्हाळ्यापुरती सकाळची शाळा, सव्वाअकराच्या सुमाराला सुटायची. गेटसमोर कडुनिंब आहे. त्याच्या सावलीत जेवढे पालक मावतात तेवढे उभे, बाकीचे गाड्यांवर डोक्यावर ओढण्या-रुमाल घेऊन. नाशिकच्या आमच्या सिडकोत अर्धा खानदेश राहतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमागे आलेली माणसं, त्यांच्यासाठी सिडकोने एकामागून एक सहा स्कीम बांधल्या, आणि आता त्यांची नातवंडं शाळेत. त्यामुळे त्या सावलीत मराठीइतकीच अहिराणी ऐकू येते. "शाया चांगली शे, पन..." एक आजी दुसरीला सांगत होत्या. त्या 'पन'नंतरचं ऐकायला मी कोथिंबिरीची जुडी दोनदा उलटीपालटी केली.

'पन'नंतर जे येतं ते ज्याचं त्याचं असतं. आजींचा राग पाढ्यांवर होता: हल्ली कुणी पावकी-निमकी सोडा, एकोणतिसाचा पाढासुद्धा म्हणून घेत नाही. हेल्मेट न काढता गाडीवरच बसून राहणाऱ्या एका बापाला पाढ्यांचं सोयरसुतक नव्हतं. त्याच्या दृष्टीने शाळा दोनशे पावलांवर आहे आणि रिक्षाकाकांना महिन्याला द्यायचे पैसे वाचतात, इथेच प्रश्न मिटला. एका आईचं म्हणणं, बाई कडक नाहीत म्हणून पोर आनंदाने येते. तिच्याच शेजारची म्हणाली, बाई कडक नाहीत म्हणून तर आमच्याचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं झालंय. घरचा अभ्यास देत नाहीत ही तक्रार मी तिघांकडून ऐकली आणि त्याच गोष्टीचं कौतुक एका बाईकडून, जी अंबडला पॅकिंगच्या लाइनवर उभी असते आणि घरी पोचते तेव्हा साडेसात वाजलेले असतात. सरकारने २०२४ मध्ये सांगितलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, मुलांची झोप होत नाही. पेपरात सगळ्यांनी वाहवा केली. या बाईची मात्र त्यामुळे पंचाईत झाली. पहिल्या शिफ्टला तिला सातला आत पाहिजे. मग सात ते नऊ पोर कुणाकडे? मुलाची झोप झाली, आईची उडाली. उन्हाळ्याचे हे दीड महिने तिला सुखाचे. बाकी सगळे उकाड्याने वैतागलेले आणि ती एकटी म्हणत होती, अशीच शाळा बाराही महिने असावी.

सोळा एप्रिलला पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला आणि दोन दिवस सावलीत दुसरा विषय नव्हता. (जूनच्या अखेरीस तो मागेही घेतला गेला, पण तेव्हा कुणाला ठाऊक?) मग तोही विरला आणि गाडी पुन्हा मूळ रुळावर आली: शिक्षक वर्गात किती दिवस असतात. नोव्हेंबरात विधानसभेच्या निवडणुकीची कामं, त्याआधी लोकसभेची, मधे कसली कसली प्रशिक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. "शिकवायला वेळ मिळाला तर शिकवतील," एक जण म्हणाला. आणि मग कुणीतरी ते वाक्य टाकलंच, जे प्रत्येक मराठी शाळेच्या गेटवर कधी ना कधी पडतं: "यांची स्वतःची पोरं कुठं शिकतात ते विचारा की." हसले सगळे. मीही हसले. मग लक्षात आलं की या प्रश्नाचं तोंड माझ्याकडेही वळू शकतं, आणि मी टोमॅटो निवडायला लागले.

पोषण आहाराचं वेगळंच. "आमचा शाळेतलं नाही खात, मी डबा देते," असं म्हणणारी आई अजून आहे, आणि ती ते सांगताना मान जराशी ताठ करते. मी ती मान ओळखते, माझीच होती. मी रोज तूपसाखरेची पोळी द्यायची. दुसरीच्या मध्यावर कळलं की पोळी शेजारच्या मुलाच्या पोटात जाते आणि आमचे चिरंजीव त्याच्या ताटलीतली खिचडी खातात. विचारलं तर म्हणाला, "गरम असते ना."

माझी आई कधी गेटवर उभी राहिली नाही. आमची शाळा जुन्या नाशकात, वाड्यांच्या गर्दीत, खाली किराणा दुकान आणि वर वर्ग. 'शाळा कशी आहे' हा प्रश्नच तेव्हा नव्हता. शाळा होती, जशी गल्ली होती, गंगा होती, म्हणजे आमची गोदावरी. गंगेला पूर आला आणि पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेच्या वर पाणी गेलं की मधल्या सुट्टीत सोडून द्यायचे, आणि आम्ही घरी न जाता पाणी बघायला. रंगपंचमीला रहाडीत, रंगाच्या पाण्याच्या हौदात, उड्या मारून आलेली पोरं पुढचे चार दिवस रंगीत कानांनी वर्गात बसायची, आणि आमच्या बाई कान धरायच्या तेव्हा बाईंची बोटंही रंगायची. छप्पर गळायचं. इतिहासाला कुणी नव्हतं तेव्हा शिपाईमामांनी आम्हाला अफजलखानाचा वध सांगितला, तो इतका की मुख्याध्यापक दाराबाहेर उभे राहून ऐकत होते. यातलं चांगलं काय आणि वाईट काय, हे आईला कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "जाते की रोज." तिने एकदाच शाळेत पाऊल टाकलं, ते मी पाटी फोडली म्हणून. मला तो काळ बरा होता असं मुळीच म्हणायचं नाही. आमच्या वर्गातल्या तीन मुली सातवीनंतर दिसेनाशा झाल्या. त्याबद्दल गल्लीत कुणाचं काही मत असल्याचं मला आठवत नाही.

आता मतं आहेत, आणि मतांना वजनही आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक घालायला सांगितले, त्यात निम्म्या बायका. आम्ही पालक असताना समितीची सभा म्हणजे दुपारी तीन वाजता सही करून चहा प्यायचा, एवढंच मला माहीत. मी एकदा गेले, संडासाचं बोलले, 'संस्थेला कळवतो' असं उत्तर मिळालं, घरी आले. माझं काम झालं असं वाटलं मला. जिना पुसणाऱ्या ताईंनी ते मला नंतर सांगितलं ते असं: त्यांची मुलगी पहिलीत गेली, त्या समितीवर आल्या, त्यांनाही 'कळवतो' हेच सांगितलं गेलं. मग त्या आणि आणखी चौघी, सगळ्या धुण्याभांड्याच्या नाहीतर कंपनीतल्या, लागोपाठ तीन शनिवार संस्थेच्या कार्यालयाबाहेर जाऊन बसल्या. बोलल्या काही नाहीत. डबे सोबत नेले होते, तिथेच जेवल्या. चौथ्या शनिवारच्या आत मिस्त्री आला. फरशी बसली, भांडी बदलली, दारं लागली आणि नेमकी कडी राहिली; मिस्त्री म्हणाला, ती हिशेबात नव्हती. "मग काय, परत तीन शनिवार बसू?" ताई म्हणाल्या. "पन्नासची कडी. आणली."

मी संडासाचं कारण इतक्यांदा सांगितलंय की मलाच ते खरं वाटायला लागलं होतं. ते खरं कारण नव्हतं.

खरं कारण जानेवारी २०२० मधलं हळदीकुंकू. गंगापूर रोडला, जाऊबाईंच्या नव्या घरी. तिळगूळ, अत्तराचा वास, आणि सोफ्यावर बसलेल्या दहा-बारा बायका, ज्यांच्या मुलांच्या शाळांची नावं ऐकूनच समोरच्याला कळतं की फी किती असेल. माझा मुलगा तेव्हा दुसरीत. तिथल्या कुणीतरी लाडाने विचारलं, कुठल्या शाळेत जातोस? त्याने खणखणीत आवाजात शाळेचं नाव सांगितलं, संस्थेच्या नावासकट, परिपाठात सांगतात तसं. "अच्छा, मराठी का," एवढंच त्या म्हणाल्या. वाईट काही बोलल्या नाहीत. पण मधे जी शांतता पडली ती मला पेलवली नाही, आणि मी म्हणाले, "सध्यापुरतं घातलंय."

स्कूटरवर मागे बसून तो म्हणाला, "आई, सध्यापुरतं म्हणजे किती?"

फेब्रुवारीत आम्ही इंग्रजी शाळेचा फॉर्म भरला. मार्चमध्ये सगळंच बंद झालं. दाखला घ्यायला मी मास्क लावून एकटीच गेले. कार्यालयात एक लिपिक, फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात त्याने 'पालकांची विनंती' असं लिहिलं. पहिली-दुसरीच्या बाईंना सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, मी सांगितलं नाही.

त्या बाईंबद्दल मी समोरच्या मुलीला काही बोलले नाही, हे मला कडीपेक्षाही जास्त लागलं. शिकवतात चांगलं, या दोन शब्दांत त्यांना उरकलं. वर्गात ४८ मुलं होती, कारण एक जागा रिकामी होती आणि दोन तुकड्या एकत्र बसवलेल्या. माझा मुलगा डावखुरा. बाकावर मधे बसला की शेजारच्याच्या उजव्या कोपराला याचं डावं कोपर भिडायचं, दोघांच्या ओळी वाकड्या, मग मारामारी. बाईंनी चौथ्या दिवशी ते हेरलं आणि त्याला बाकाच्या डाव्या टोकाची जागा दिली. ही याचीच, वर्षभर. खानदेशातून आलेली पोरं फळाला 'फय' म्हणायची, वर्ग खिदळायचा. बाई हसायच्या नाहीत. त्या विचारायच्या, "आजी काय म्हणते? फय. बरोबर. आणि पुस्तकात?" आणि फळ्यावर भलामोठा ळ काढायच्या. दोन्ही शब्द वर्गात राहायचे. २०१९ला दुसरीच्या गणितात बालभारतीने एकवीसऐवजी 'वीस एक' असंही वाचायला दिलं तेव्हा महाराष्ट्रभर चेष्टा झाली, आमच्या सासऱ्यांनी तर पुस्तक टेबलावर आपटलं. बाईंनी त्यावरून वाद घातला नाही. त्यांनी मुलांना काड्यांचे दोन गठ्ठे आणि एक सुटी काडी हातात दिली. "आजोबांना एकवीस म्हणून दाखवा, मला काड्या दाखवा." माझ्या मुलाला सत्त्याण्णव आणि एकोणऐंशी यांच्यात आजवर कधी गोंधळताना मी पाहिलं नाही. हे सगळं मला माहीत होतं. पण जिन्यात कुणी 'शाळा कशी आहे' विचारलं की तोंडात येतो तो संडास.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बाई गेटवरच भेटल्या. हातात पिवळ्या पत्रकांचा गठ्ठा, डोक्यावर पदर, कपाळावर घाम. प्रवेशाचे दिवस, शाळा सुटली की शिक्षकांनी दोघादोघांनी मिळून गल्ल्या वाटून घेतलेल्या. मूल मिळालं नाही तर पट घसरतो. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांच्या जागा ठरवतात त्यात, शिक्षकाची जागा जाते, आणि जागा गेली की उरलेल्यांनी दोन वर्ग सांभाळायचे, मग पालक म्हणणार इथे शिक्षकच नाहीत. खासगी शाळांमधल्या पंचवीस टक्के राखीव, मोफत जागांच्या सोडतीकडे डोळे लावून बसलेले पालक जूनपर्यंत 'बघू' म्हणतात. त्याच्या आदल्या वर्षी तर त्या सोडतीचा नियमच बदलला होता, हायकोर्टाने जुलैत तो बदल रद्द केला. तोवर इथला पट हवेतच. हे बाईंनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. मी माझं नाव सांगायच्या आधी त्या माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "डावखुरा. बाकाच्या डाव्या कडेला."

मी मान हलवली.

"सातवीत असेल आता. तिकडे कुठे बसतो?"

मला माहीत नव्हतं. त्याच्या शाळेचं ॲप माझ्या मोबाइलमध्ये आहे. बस कुठल्या सिग्नलला थांबलीय ते मला कळतं, घटक चाचणीत किती कमी पडले ते लाल रंगात कळतं. तो कुठे बसतो ते नव्हतं ठाऊक. मी काहीतरी पुटपुटले. बाईंनी ताणलं नाही. पाचेक पत्रकं माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणी असेल तर. पण तिसरीला सध्या शिक्षक नाही, मीच दोन्हीकडे बघते, तेही सांगा. नंतर कळलं की लोक बोल लावतात."

मी संडास बघायला आत जाऊ का, असं विचारायची लाज वाटली, म्हणून पाणी प्यायचं निमित्त केलं. फरशी पांढरी, एक कोपरा फुटलेला. नळाला पाणी नव्हतं, निळ्या पिंपात भरून ठेवलेलं, वर मग. वास अगदीच नव्हता असं नाही. दाराला स्टीलची कडी होती. मी वाकले तेव्हा कळलं की ती किती खाली आहे. मोठ्या माणसाला वाकावं लागेल अशी, सहा वर्षांच्या मुलीच्या हाताला बरोबर येईल अशी. मिस्त्रीने नेहमीच्या उंचीवर लावली असती.

रात्री जेवताना मुलाला विचारलं, "वर्गात कुठे बसतोस रे?"

"रोटेशन असतं. दर आठवड्याला बदलतं."

"मग मधे असलास की कोपर लागतं का कुणाला?"

"लागतं ना," त्याने आमटीत भात कालवत सांगितलं. "आता मी वही तिरकी धरतो."

मी आणखी काही विचारायच्या आत तो ताट घेऊन उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रक घेऊन समोरच्या दाराशी गेले. खाली लहान चपलांचा जोड, एक उलटा. आत मिक्सर चालू होता. उगाच कशाला त्रास, म्हणून पत्रकाची घडी करून दाराच्या कडीत अडकवली आणि वळले. आपल्या दारापर्यंत पोचले तेव्हा आठवलं की तिसरीला शिक्षक नाही हे त्यावर छापलेलं नाही. कडी किती उंचीवर आहे, तेही नाही. परत गेले, मिक्सर थांबायची वाट बघितली आणि बेल वाजवली.